‘मॅडम, सीडीची केस भेटली!’ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, की डेंटल कॉलेजच्या पोरांना म्हाताऱ्या पेशंटबद्दल मनातून काय वाटतं हे मोजायचे फॉर्म असतात, त्यांना स्केल म्हणतात, आणि ते आपल्या भागात जरा वापरून बघायला पाहिजेत. बस, एवढंच. त्यावर इतके मेसेज आले, दोन तर चक्क पोस्टकार्डं, की यावेळी किडलेले दात, अक्कलदाढ सगळं बाजूला ठेवून हेच घेऊन बसले. मी स्वतः डेंटल कॉलेजात बरीच वर्षं शिकवलंय, आता रिटायर होऊन आर्वीकडच्या गावात राहते, त्यामुळे खुर्चीच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. स्वतःच्याही दोन दाढा गेल्यात.

प्रश्न : मॅडम, मी इंटर्न आहे, घर हिंगणघाटजवळच्या खेड्यात. थर्ड इयरच्या ज्युनिअर्सवर प्रोजेक्ट करायचाय, ‘वृद्ध पेशंटबद्दल विद्यार्थ्यांचा ॲटिट्यूड’. नेटवर चार-पाच स्केल सापडले. कोणता घेऊ? इंग्रजीच ठेवू की मराठी करू? गाईड म्हणतात फॉर्म वाट, टक्केवारी काढ, झालं. एवढं सोपं असतं का?

नसतं गं. म्हणजे असं करता येतं, असे प्रोजेक्ट ढिगानं होतात आणि लायब्ररीच्या कपाटात पडून राहतात, पण तू विचारलंयस म्हणजे तुला तसं करायचं नाही असं मी धरून चालते.

आधी एक गोंधळ सोडव. माहिती वेगळी आणि ॲटिट्यूड वेगळा. १९७७ साली पाल्मोर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं म्हातारपणावर २५ विधानांची एक क्विझ केली, चूक की बरोबर एवढंच सांगायचं. ती तू पोरांना दिलीस तर पोरांना म्हातारपणाबद्दल किती ठाऊक आहे ते कळेल. पण ज्याला सगळं ठाऊक आहे तोही आबाजींना बघून तोंड वाकडं करू शकतो. आमच्याच बॅचचा टॉपर होता तसा, जाऊ दे.

मग ॲटिट्यूडचे स्केल. यांतला सगळ्यात जुना नि खूप वापरलेला कोगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, १९६१ चा. त्यात ३४ विधानं, १७ बऱ्या बाजूची नि १७ वाईट बाजूची, आणि गंमत म्हणजे ती जोडीजोडीनं येतात, तीच गोष्ट एकदा सरळ आणि एकदा उलटी विचारायची. का, ते खाली सांगते. दुसरा १९६९ चा रोझेनक्रांझ आणि मॅकनेव्हिन यांचा, त्यात वाक्यंच नाहीत, ३२ विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या आहेत, आनंदी की दुःखी, उपयोगी की निरुपयोगी, आणि दोघांच्या मध्ये कुठे खूण करायची ते तू ठरव. तिसरा १९९८ चा यूसीएलएचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा, १४ विधानांचा, प्रत्येकाला १ ते ५. हा डॉक्टर लोकांसाठीच केलाय, ‘म्हाताऱ्या पेशंटची हिस्ट्री घेणं म्हणजे वैताग’ अशा धाटणीची विधानं त्यात आहेत. आणि मग २०१८ मध्ये खास आपल्या पोरांसाठी, म्हणजे डेंटल स्टुडंट्ससाठी, अमेरिकेतल्या काही कॉलेजांच्या लोकांनी एक स्केल काढला, त्यांच्यासोबत ग्रीसचे लोकही होते. सुरुवातीला त्यात २७ विधानं होती, तपासता तपासता बरीच गळाली.

तुझ्या कामाला हा शेवटचा जवळचा. पण डोळे मिटून उचलू नको. हाच स्केल ग्रीसमध्ये, ब्राझीलमध्ये तपासला तर तिकडे तीच विधानं तशीच्या तशी टिकली नाहीत, एका देशात जे वाक्य मोजायला कामी आलं ते दुसऱ्या देशात निकामी ठरलं. मग वर्धा जिल्ह्यात ते आपोआप चालेल असं कसं म्हणायचं.

उदाहरण देते, कोगनमधलंच. त्यात एक विधान असं, की म्हाताऱ्यांनी आपल्याच वयाच्या लोकांसोबत वेगळ्या वसाहतीत राहिलं तर बरं. अमेरिकेत याचा अर्थ सरळ आहे, पोरगं म्हणेल हो किंवा नाही आणि त्यातून तुला काहीतरी कळेल. आता हेच वाक्य मराठीत आपल्या पोराला वाचून दाखव. त्याच्या डोक्यात लगेच वृद्धाश्रम येतो, गावात कोणाच्या तरी म्हातारीला पोरानं नेऊन ठेवलं त्याची चर्चा येते, आणि मग आपल्या घरच्या इज्जतीचं उत्तर येतं, ‘छे छे, अजिबात नाही’. तू मोजायला गेलीस म्हाताऱ्यांबद्दलचं मन, हाती आलं ‘लोक काय म्हणतील’. शब्दांचं भाषांतर बरोबर असेल, आणि प्रश्न मात्र दुसराच झाला असेल.

म्हणून मराठी कर, पण नीट कर. एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं, ज्यानं मूळ इंग्रजी बघितलंच नाही अशानं, ते परत इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे घसरलं ते बघायचं. त्यानंतर पाच-सहा पोरांना एकेकटं बसवून विचारायचं, या वाक्याचा तुला काय अर्थ लागला रे? ही पायरी सगळे खातात. आणि तुझ्या वर्गात बाहेरच्या राज्यातली पोरं असतील तर त्यांना इंग्रजी फॉर्म लागेल, म्हणजे दोन्ही ठेव, पण इंग्रजीतला ‘ऑर्डियल’ (वर ज्याला मी वैताग म्हटलं तो) सारखा शब्द किती जणांना कळतो तेही विचारून घे.

आता उलटी विधानं कशाला. आपल्याकडे मोठ्या माणसानं कागद दिला की त्यावर ‘हो’ म्हणायची सवय असते. हो सर, हो मॅडम, सहमत, पूर्ण सहमत. ‘म्हातारे पेशंट गोड असतात’ ला सहमत आणि ‘म्हातारे पेशंट चिडखोर असतात’ लाही सहमत. जोडीतलं उलटं विधान असेल तर हा प्रकार पकडता येतो. फक्त बेरीज करताना उलट्या विधानांचे मार्क उलटवायला विसरू नको, म्हणजे १ ते ५ असेल तर ५ चा १ आणि ४ चा २. हे न करता बेरीज केलेला प्रोजेक्ट मी स्वतः परीक्षक म्हणून वाचलाय आणि निष्कर्ष होता, ‘विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन मध्यम आहे’. मध्यमच येणार ना बाप्पा, सरळ नि उलटं एकमेकांना खाऊन टाकतात!

मग तुझे गाईड म्हणतील अल्फा काढला का. क्रॉनबॅक अल्फा, १९५१ पासूनचं हे माप, साधारण ०.७ च्या वर आला की लोक खूश होतात. त्याचा अर्थ एवढाच की फॉर्ममधली विधानं एकमेकांशी जुळवून बोलतायत. ती खरं बोलतायत असा नाही. आपल्याकडे ज्यानं ज्यानं कापूस विकलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही, काटा दहा वेळा तेच वजन दाखवतो आणि दहाही वेळा क्विंटलमागं चार किलो मारतो. अल्फा तुला काटा डुगडुगतो का तेवढं सांगेल, काटा मारलाय का ते दुसऱ्या काट्यावर टाकूनच कळतं. म्हणून फॉर्मच्या जोडीला काहीतरी दुसरं बघ, खुर्चीवर पोरगं कसं वागतं ते बघ, निदान थोड्या जणांचं तरी.

माझी स्वतःची फजिती सांगते. मी एकदा क्लासमध्ये असाच फॉर्म वाटला. वर नाव नव्हतं पण सवयीनं रोल नंबरची चौकट छापली गेली होती, आणि फॉर्म गोळा मीच करत होते, आणि त्याच महिन्यात माझ्याच विषयाची इंटरनल परीक्षा होती. निकाल असा आला की वाटावं हा वर्ग नाही, श्रावणबाळांची दिंडी आहे. संध्याकाळी त्यातलाच एक श्रावणबाळ पॅसेजमध्ये मित्राला सांगत होता, ‘उद्या परत ते बुढं येऊन राह्यलं यार, अर्धा दिवस गेला आपला.’ मी फॉर्मचा गठ्ठा कपाटात टाकला, कुठे छापला नाही. चूक पोरांची नव्हती, माझ्या चौकटीची होती.

तर तू रोल नंबर घेऊ नको. पण त्याच पोराचा पुढे परत फॉर्म घेऊन आधीच्याशी जुळवायचा तर काहीतरी खूण लागते, त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा कोड बनवायला सांग, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा आकडा, असं काहीतरी, जे त्याला सहा महिन्यांनीही आठवेल आणि तुला ओळखता येणार नाही. फॉर्म शिक्षकांनी गोळा करायचे नाहीत, दाराशी डबा ठेव. एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे, पोरांवर प्रोजेक्ट करताना तीही दबावाखालची माणसं असतात हे लक्षात ठेवून संमती घे, फॉर्म भरला नाही तर काही बिघडणार नाही हे त्यांना खरंच वाटलं पाहिजे.

आणि आता मला जे खरं म्हणायचंय ते. तू फॉर्म कधी देतेस यावर सगळं आहे. प्रोस्थोच्या, म्हणजे कृत्रिम दात बसवायच्या विभागातल्या, पोस्टिंगच्या आधी दिलास तर एक उत्तर येईल, सीडीचा कोटा डोक्यावर असताना दिलास तर दुसरं, कोटा संपल्यावर तिसरं. वाचकांसाठी सांगते, सीडी म्हणजे कम्प्लिट डेंचर, पूर्ण कवळी, आणि कोटा म्हणजे एवढ्या केसेस पूर्ण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग पोरं काय करतात, बसस्टँडवर, दर्ग्यापाशी, आठवडी बाजारात बोळक्या तोंडाचे आबाजी शोधत फिरतात. ऑटोचं भाडं देतात, चहा पाजतात, जेवू घालतात. एखादे सापडले की आनंदानं ओरडत येतात, ‘मॅडम, सीडीची केस भेटली!’ आणि परीक्षा झाली की त्या केसचा फोन उचलत नाहीत. ही पोरं वाईट नसतात गं. म्हाताऱ्या माणसाची किंमत कोट्यात मोजायची हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं. तुझा प्रोजेक्ट एकदाच टक्केवारी काढून थांबला तर दोष पोरांच्या मनावर जाईल आणि कोटा सुटून जाईल. तीच पोरं, तीन वेळा, पोस्टिंगच्या आधी, मध्ये, नंतर, एवढं जमव. शंभराचा वर्ग असेल तर साठ जणांनी तिन्ही वेळा भरलं तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : माझी आजी ७२ वर्षांची. तिला कवळी बसवायला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डेंटल कॉलेजात घेऊन गेलो. तिथला विद्यार्थी तिच्याशी ओरडून बोलत होता, तिला चांगलं ऐकू येते. सगळे प्रश्न मलाच विचारले, ‘आजींना शुगर आहे का?’ आजी बाजूलाच बसलेली. चार चकरा झाल्या, अजून दात हातात नाहीत. आजी म्हणते आता नाही जात. हे असंच असते का? – एक नातू, यवतमाळ जिल्हा

असंच असतं, आणि असं असू नये. तुमच्या आजींसोबत जे झालं त्याला १९६९ मध्ये रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ‘एजिझम’ असं नाव दिलं, वयावरून माणसाचा अंदाज बांधून टाकायचा, म्हातारी म्हणजे बहिरी, म्हातारी म्हणजे तिला कळत नाही, तिच्या नातवाला विचारा. गंमत अशी की त्या पोराला फॉर्म दिला असता तर तो बहुतेक चांगले मार्क घेऊन गेला असता, कारण मनात आजींबद्दल राग नव्हताच. प्रेमानं ओरडत होता. आवाज चढवून, शब्द तोडून, लेकराशी बोलावं तसं बोलणं, हे आदरातूनसुद्धा होतं आणि ऐकणाऱ्याला तेवढंच लागतं. वरच्या मुलीनं हे वाचलं असेल तर तिनं लिहून ठेवावं, स्केलमध्ये ‘मला म्हातारे आवडत नाहीत’ एवढंच मोजलं तर हा प्रकार निसटून जातो.

आता चकरांचं. यात थोडी पोराची बाजू घेते. पूर्ण कवळीला साधारण पाच चकरा लागतातच. पहिल्यांदा हिरड्यांचं कच्चं माप, दुसऱ्यांदा कडा मऊ करून करून पक्कं माप, तिसऱ्यांदा वरचा नि खालचा जबडा कुठे मिटतो त्याचं माप, चौथ्यांदा मेणात दात लावून बघायचे, पाचव्यांदा कवळी हातात. त्यानंतरही टोचते म्हणून एक-दोनदा जावं लागतं. चार झाल्या म्हणजे तुम्ही मेणाच्या दातांच्या आसपास आला असाल, आता सोडू नका! मेणाचे दात लावून बघायचे राहिले असतील तर त्या वेळी आजींच्या हातात आरसा द्यायला लावा, दात कसे दिसतात ते तिनं बघायचं, नातवानं नाही. तिथे बदल करता येतो, कवळी शिजल्यावर येत नाही.

विद्यार्थ्याला घासघासून माप घ्यावं लागतं, सर तपासतात, परत घ्यायला लावतात, म्हणून खाजगीपेक्षा जास्त वेळ जातो. पण हे पहिल्याच दिवशी आजींना बसवून सांगायला काय हरकत होती? कोणीच सांगत नाही. पाच चकरा लागतील, शेवटच्या दिवशी तुमच्याकडे दात असतील, एवढं वाक्य. खेड्यावरून येणाऱ्या माणसाची सकाळची एसटी, दुपारची परतीची, मध्ये उपाशी पोट, शुगरची गोळी घेतली की नाही, हे सगळं त्या एका वाक्यावर ठरतं.

काही कामाच्या गोष्टी. आजी ७५ च्या झाल्या की एसटी फुकट (२०२२ च्या ऑगस्टपासून आहे), आत्ता अर्ध्या तिकिटात होईल, आधार कार्ड सोबत ठेवा. शुगर असेल तर सकाळची वेळ मागा, खाऊन आणि गोळी घेऊन जा. सगळ्या गोळ्या पन्नीत सुट्या न आणता पट्टीसकट आणा, डॉक्टरचा कागदही. खुर्ची झोपवलेली असेल तर उठताना आधी दोन मिनिटं बसू द्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठलं की गरगरते. आणि खालची कवळी वरच्यापेक्षा हलणार, हे आत्ताच मनात धरा, दात गेले की खालचा जबडा जास्त झिजतो, तिथे पकड कमी. पहिला पंधरवडा भाकर कुस्करून दुधात किंवा वरणात, ठेचा-चटणी नंतर. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात टाकली तर वाकडी होते, आमच्या गावात एकीनं चहाच्या गंजात टाकली होती. घरी परवडायची अडचण असेल तर राष्ट्रीय वयोश्री योजनेत, २०१७ पासून, गरीब घरच्या ज्येष्ठांना मिळायच्या वस्तूंत काठी-चष्म्यासोबत कवळीही आहे, शिबिर कधी आहे ते तहसील नाहीतर समाजकल्याणात विचारत राहावं लागते.

पुढच्या वेळी तो विद्यार्थी तुम्हाला प्रश्न विचारेल तेव्हा तुम्ही आजींकडे बघा आणि गप्प बसा. काहीच बोलू नका. तो आपोआप तिकडे वळतो, मी हे कितीदा बघितलंय.

प्रश्न : नाव छापू नका. मी फायनल इयरला आहे. खरं सांगू तर मला म्हातारे पेशंट नको वाटतात. तोंडाला खर्ऱ्याचा वास, गोळ्यांची लांब यादी, माप घेताना उलटी, एकच गोष्ट तीनदा सांगायची. घरी माझ्या आजीवर मी जीव टाकते. मग मी वाईट डॉक्टर होणार का?

तुझ्यासारखं खरं लिहिणारं एक पोरगं माझ्या त्या गठ्ठ्यात असतं तर मी तो छापला असता.

घरी आजी असणं आणि क्लिनिकमध्ये आजी येणं या दोन गोष्टी एकमेकांवर आपोआप जात नाहीत. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांचा स्कोअर चांगला येईल असं सगळे आधीच धरून चालतात, आणि वेगवेगळ्या ठिकाणी तपासल्यावर उत्तर कधी हो येतं कधी नाही. म्हणजे तू काही विचित्र नाहीस.

आणि तुझी यादी परत वाच. त्यातलं अर्धं म्हातारपण नाहीच. खर्रा सव्वीस वर्षांचा पोरगाही खातो, आपल्याकडे तर सोळाचाही खातो, सुपारी तंबाखू चुना सगळ्यांना सारखाच, उलट ज्याचं तोंड उघडत नाही असा तरुण पेशंट तू जास्त सहन केला असशील. वास आला तर हिरड्या बघ, गालाची आतली बाजू बघ, जिभेखाली बघ, पांढरा डाग नाहीतर न भरणारी जखम आहे का, तिथे तुझं काम आहे, नाक दाबायचं नाही. उलटीचं म्हणशील तर मापाचा ट्रे जाडा भरलास, मागं गेलास, पेशंट झोपलेला होता. सरळ बसव, मटेरियल कमी घे, नाकानं श्वास घ्यायला सांग. तीनदा सांगावं लागतं कारण तू मास्कमधून इंग्रजीमिश्रित पुण्याचं मराठी बोलतेस आणि त्यांच्या कानाला ते लागत नाही. ‘बाइट करा’ म्हणतेस ना? ‘दात मिटा, मागं मिटा’ म्हणून बघ.

गोळ्यांची यादी मात्र खरंच म्हातारपणाची आहे आणि ती खरंच अवघड आहे, हे मान्य. बीपीच्या, झोपेच्या, डिप्रेशनच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग मुळाशी कीड लागते, कवळी टोचते, आणि बाई म्हणते तुम्ही दिलेली कवळी खराब आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दात काढायच्या आधी ती आपल्या मनानं बंद करायला सांगायची नाही, ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरला फोन. हे करायला वेळ लागतो आणि कोट्यात या वेळेचे मार्क नाहीत. तुला राग म्हाताऱ्यांचा नाही, या वेळेचा येतो असं मला वाटतं. खरंय का ते तू मला पुढच्या पत्रात लिही.

प्रश्न : डाक्टरबाई, नमस्कार. माह्यं वय ७४. तुमी त्या पोरायले कागद देता न त्यायचं मन मोजता, असं माह्या नातीनं वाचून दाखवलं. मले एक सांगा जी, दाना भरला का नाई हे मानूस कनसात पाह्यते, बियान्याच्या थैलीवर थोडी पाह्यते? आमाले कोनी इचारते काय, का बाप्पा त्या पोट्ट्यानं तुमाले कसं वागवलं? – एक कास्तकार, वाशीम जिल्हा

आबाजी, तुमचं पत्र मी आमच्या जुन्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकलं. अर्धा तास कोणी काही बोललं नाही.

तुमचं खरं आहे. हे सगळे स्केल पोरांना विचारतात, तुला काय वाटतं. तुम्हाला विचारणारे फारच थोडे. पण एक अडचण आहे, तीही ऐका. तुमच्यासारख्यांना विचारलं तरी खरं निघत नाही. मी विचारून बघितलंय, कॉलेजच्या गेटबाहेर, एसटीची वाट बघत बसलेल्या बायांना. पोरगं कसं वागलं? ‘लय चांगलं होतं बाई, गुनाचं लेकरू.’ आणि शेजारची नात मागून मान हलवून नाही नाही म्हणते. नंतर त्यातलीच एक म्हणाली, ‘मी काई बोलली न त्याचे मार्क कटले तं? कोनाचं तरी लेकरू हाय.’ म्हणजे पोरं मॅडमच्या भीतीनं गोड लिहितात आणि तुम्ही पोरांच्या मायेनं गोड बोलता, मोजणाऱ्याच्या हाती दोन्हीकडून साखरच.

म्हणून मी आता ‘कसं वागलं’ असं विचारतच नाही. काय झालं ते विचारते. तुमचं नाव विचारलं का? तुमच्याकडे बघून बोलला का, की सोबतच्याकडे बघून? तोंडात काही घालायच्या आधी सांगितलं का? दुखलं म्हटल्यावर हात थांबला का? किती चकरा लागतील ते पहिल्या दिवशी कळलं का? याला हो किंवा नाही एवढंच उत्तर, त्यात कोणाच्या लेकराची बदनामी होत नाही, आणि लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, कोणी बाहेरच्यानं विचारून खुणा केल्या की झालं. पोराचा फॉर्म एकीकडे, या खुणा दुसरीकडे, दोन्ही काटे शेजारी ठेवायचे. हिंगणघाटच्या मुलीला मी हे सांगणारच आहे.

हे पाच प्रश्न मी खुर्चीच्या बाजूनं उभं राहून काढलेत, खुर्चीत बसणाऱ्याला आणखी सुचतील. तुमचे गावातले चार जण पारावर बसले की विचारा आणि मला लिहून पाठवा. नातीकडून शुद्ध करून घेऊ नका, असंच पाठवा.